टँकरची प्रतिमा आणि दहा प्रेते

भातसानगरला एका खोलीत आम्ही काही शिक्षक-विद्यार्थ्यांनी आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) हा सव्वातीन तासांचा अनुबोधपट पाहिला. नंतरच्या चर्चेत एका प्राध्यापक मित्राने उत्तर-आधुनिकतेचा दाखला दिला. प्रतिमा आणि वास्तव यांतली सीमारेषा आता पुसली गेली आहे. तेव्हा ‘खरे काय’ हा प्रश्नच निरर्थक, असे त्याचे म्हणणे. १९९१ चे आखाती युद्ध घडलेच नाही असे लिहिणाऱ्या बोद्रियारचे नाव त्याने घेतले. या विचाराचा समाचार आपल्या बाजूने घेतलाच पाहिजे.

११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. निषेधासाठी रस्त्यावर उतरलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला. दहा माणसे मेली. समर्थन असे की जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता. पुराव्यादाखल चित्रफीत पुढे करण्यात आली. आग पाहणाऱ्या शहराला प्रेते दिसेनाशी झाली. प्रतिमेने वास्तवाची जागा बळकावली, एवढे मी बोद्रियारच्या पदरात टाकतो.

परंतु पटवर्धन तिथे थांबत नाहीत. ते या टँकरच्या कथेलाच साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करतात. टँकर कुठे होते? गोळ्या कुठे लागल्या? वस्तीतली माणसे काय सांगतात? गुंडेवार आयोगानेही गोळीबार असमर्थनीय ठरवला. आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याला सत्र न्यायालयाने २००९ मध्ये जन्मठेप दिली. पुढे उच्च न्यायालयातून त्याला जामीन मिळाला, हेही वास्तवच. सीमारेषा आपोआप पुसली जात नाही. ती पुसणारा हात असतो, आणि त्या हाताला जात असते, सत्ता असते. ‘सत्य नाही’ असे म्हणण्याची चैन ज्याच्या घरातले प्रेत उचलले गेले नाही त्यालाच परवडते. गोळीबारानंतर चारच दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी गळफास घेतला, तो काही प्रतिमेच्या दुःखाने नव्हे.

या अनुबोधपटालाही मर्यादा आहे. कॅमेरा वस्तीत वर्षानुवर्षे येत राहतो, पण तो वस्तीचा नाही. काय ठेवायचे, काय कापायचे हे ठरवणारा बाहेरचा आहे, मग तो कितीही प्रामाणिक असो. ही तक्रार नव्हे, आपल्यापुढचे काम आहे.

चर्चेत शेवटी आमची एक विद्यार्थिनी बोलली. ती म्हणाली, “सर, आमच्या पाड्यावर टँकर आला की फोटो काढतात. फोटोत टँकर असतो, हंडे भरलेले असतात. पुढचे चार दिवस फोटोत येत नाहीत.” मुंबईच्या पाण्याचा जवळजवळ निम्मा वाटा देणारे भातसा धरण याच शहापूर तालुक्यात आहे. मुंबईत नळ उघडणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही.

मित्र गप्प राहिला. फोटोत न आलेले ते चार दिवस लिहिणे, चित्रित करणे, हीच आपली समीक्षा.