राक्षस कोणाचा?

मेरी शेली यांची ‘फ्रँकेन्स्टाइन’ (१८१८) ही भयकथा विज्ञानाविरुद्धचा इशारा मानली जाते. आम्हाला ते पटत नाही.

फ्रँकेन्स्टाइन हे खरे तर राक्षस घडवणाऱ्या व्हिक्टरचे आडनाव. राक्षसाला त्याने नावही दिले नाही. निर्जीवात प्राण आणण्यात व्हिक्टरचा अपराध नाही. त्या जीवाने डोळे उघडताच तो पळाला, हा अपराध. तो जीव मुळात दुष्ट नव्हता. एका गरीब कुटुंबाचे बोलणे लपून ऐकत तो भाषा शिकला. रात्री त्यांच्यासाठी सरपण गोळा करी. रूप पाहून त्यांनीही त्याला झिडकारले. पुढे त्याने व्हिक्टरच्या धाकट्या भावाचा खून केला. फासावर गेली निरपराध जस्टिन. लोक वेडा म्हणतील म्हणून व्हिक्टर गप्प राहिला. राक्षसाचे दुःख खरे, तरी खून त्याचाच. पण त्यामुळे व्हिक्टरची जबाबदारी कमी होत नाही.

पुणेकरांना हे नाते तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’मधून (१९७२) ओळखीचे आहे. घाशीरामला कोतवाल करणारा नाना शेवटी नामानिराळा राहतो.

खराडीच्या शाळेतला विद्यार्थी उद्या शेजारच्याच संगणक कंपनीत काम करील. ‘हे करता येईल का?’ याच्या पुढचा प्रश्न शिक्षकांनी वर्गात जरूर विचारावा: केल्यानंतर त्याची काळजी कोण घेणार?