शेवटचं पान कुणाच्या हातात?

मागच्या पावसाळ्यात आमच्या बैठकीत एका पोरानं आपल्या पहिल्या कादंबरीचं हस्तलिखित वाचलं. दोन रविवार वाचन चाललं. गोष्ट साधी. गावकीची कामं सोडली म्हणून वस्तीवर बहिष्कार पडतो. किराणा बंद, दळण बंद, रानातलं काम बंद. चार महिन्यांनी घरात दाणा उरत नाही, तेव्हा नायकाची आई पाटलाच्या रानात खुरपायला जाते. चहाच्या वेळी पाटलीण गोठ्याच्या वळचणीत खोचलेली वेगळी कपबशी काढून तिच्यापुढं टाकते आणि वरून चहा ओतायला वाकते. म्हातारी कपबशी उचलते, मातीवर पालथी घालते, आणि चहा न घेता पुन्हा पातीला बसते. कादंबरी इथं संपते.

वाचन संपलं आणि बैठक पेटली. ही शरणागती आहे. शेवटी कामाला गेलीच ना? कार्यकर्त्यानं हे वाचून घ्यायचं काय? एक जण म्हणाला, आपल्या कादंबरीचा शेवट समाधान देणारा पाहिजे. पोरगं गप्प ऐकत राहिलं. महिनाभरानं त्यानं शेवट बदलून आणला. आता शेवटच्या चार पानांत दहा गावांची माणसं निळे झेंडे घेऊन येतात, पाटील हात जोडतो आणि सूर्य उगवतो. बैठकीनं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. घरी आलो तर झोप लागेना. ही टाळी मी कशाला वाजवली, याचा जाब मी स्वतःला विचारला. तोच इथं लिहून काढतोय.

आधी समाधान या शब्दाचीच झडती घेऊ. समाधान कुणाचं? वाचणाऱ्याचं, की ज्याची गोष्ट आहे त्याचं?

आपल्याकडं शेवटाची चव फार जुन्या काळापासून ठरवून ठेवलीय. व्रताची कहाणी सुफळ संपूर्ण झाल्याशिवाय उठायचं नाही. संस्कृत नाटक भरतवाक्यानं संपायचं, सगळ्यांचं कल्याण मागून. राजाला राणी मिळाली, शाप उतरला, आता सगळे सुखी राहोत. या ‘सगळ्यां’त गावकुसाबाहेरचा कधी मोजला होता का, हे विचारायचं नाही. पुढं इंग्रजी शिकलेल्या टीकाकारांनी ॲरिस्टॉटल आणला. करुणा आणि भय जागवून शोकांतिका मनाचा निचरा करते, म्हणाले. नायक मेला, वाचक रडला, मोकळा झाला, जेवायला बसला. एकात सगळं गोड होतं, दुसऱ्यात कढ येऊन जातो. दोन्हीकडं वाचक उठतो तो शांत होऊन. दलित माणूस कादंबरीत आला तेव्हा हे दोन्ही शेवट त्याच्यासाठी तयारच होते. एक तर त्याला मारा म्हणजे वाचकाला कळवळा येईल, नाही तर कुणा दयाळू माणसाकडून त्याचा उद्धार करा. मरण असो की उद्धार, ठरवणारा तो नव्हताच.

मुल्कराज आनंद यांची ‘अनटचेबल’ घ्या. १९३५ साली इंग्रजीत निघाली. त्याआधी एकोणीस प्रकाशकांनी ती नाकारली असं सांगतात. बखा नावाचा अठरा वर्षांचा भंगी पोरगा, आणि त्याच्या आयुष्यातला एकच दिवस. बाजारात त्याचा धक्का एका सवर्णाला लागतो आणि थप्पड बसते. त्याच्या बहिणीवर देवळाचा पुजारी हात टाकतो आणि वर तोच ‘बाटलो बाटलो’ म्हणून ओरडतो. अंगावर काटा येईल असं लिहिलंय. आनंदांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. त्या काळात एका झाडूवाल्याला कादंबरीचा नायक करायला छाती लागत होती.

पण शेवट बघा. संध्याकाळी बखापुढं एकापाठोपाठ तीन दारं उघडतात. पहिल्या दारात मिशनरी उभा, येशूकडं ये म्हणतो. दुसरं दार गांधींच्या सभेचं. तिसऱ्यात एक कवी सांगतो की पाण्यानं वाहून जाणारे संडास आले म्हणजे मैला उचलायचं कामच उरणार नाही, आणि काम बदललं की शिवाशिव जाईल. बखा सगळं ऐकतो, अर्धंमुर्धं समजतो आणि घराकडं निघतो. बापाला महात्मा काय म्हणाला ते सांगायचं, त्या यंत्राचंही सांगायचं. प्रस्तावना लिहिणाऱ्या ई. एम. फॉर्स्टर यांनी या शेवटाची बाजू घेतली. मला ती पटत नाही. दिवसभर कादंबरी बखाच्या कातडीतून चालत होती, आणि शेवटच्या पानांवर ती कातडी उतरवून व्यासपीठावर चढली. बोलतात ते तिघं, बखा श्रोता. ज्याच्या गालावर थप्पड बसली त्याला निकाल ऐकायला मागच्या रांगेत उभं केलं.

आणि चौथं दार? महाडच्या तळ्याचं पाणी १९२७ साली ओंजळीत घेतलं गेलं होतं. १९३० साली काळारामाच्या दारात सत्याग्रह उभा राहिला होता. १९३२ साली पुणे करार झाला होता. अस्पृश्य स्वतःसाठी बोलतोय, लढतोय, मागतोय, हे सगळ्या हिंदुस्थानानं ऐकलं होतं. कादंबरीच्या शेवटाला ते ऐकू आलं नाही.

त्या तिसऱ्या दाराचा निकाल तर काळानंच दिला. यंत्र आलं. शहरांत पाण्याचे संडास झाले. हातानं मैला उचलण्यावर बंदी घालणारा कायदा १९९३ साली झाला, २०१३ साली पुन्हा नवा करावा लागला. तरी गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये उतरून माणसं गुदमरून मरतातच, आणि ती कोणत्या जातीची असतात हे तुम्हाला मी सांगायला नको. टोपली डोक्यावरून गेली, माणूस खाली गेला. लेखकानं शेवटात उपाय सांगितला की तो उपाय पुढं तपासला जातो, आणि उपाय फसला की शेवटही उघडा पडतो. माणसाचा निर्णय लिहिलेला असेल तर तो असा शिळा होत नाही.

निर्णय म्हणजे काय, हे त्याच १९३५ साली, १३ ऑक्टोबरला, येवल्यात बाबासाहेबांनी सांगितलं. हिंदू म्हणून जन्माला येणं आपल्या हातात नव्हतं, पण हिंदू म्हणून मरणार नाही. आपण हे वाक्य धर्मांतराची घोषणा म्हणून पाठ केलंय. जरा कादंबरीवाल्याच्या डोळ्यांनी बघा. सुरुवात दुसऱ्यांनी लिहिली, शेवट मी लिहीन, असं एक माणूस हजारो माणसांपुढं उभा राहून सांगतोय. आणि मग एकवीस वर्षं जातात. १४ ऑक्टोबर १९५६, नागपूर. त्यानंतर दोन महिने पुरे व्हायच्या आत, ६ डिसेंबरला, दिल्लीत ते गेले. शब्द आधी दिला आणि शेवट त्या शब्दाप्रमाणं झाला. कादंबरीच्या शेवटाबद्दल मला यापेक्षा मोठा धडा कुठल्या समीक्षेत सापडलेला नाही.

आता अण्णा भाऊंची ‘फकिरा’ हातात घ्या. १९५९ साली आली, १९६१ साली तिला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला, आणि ती बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केलेली आहे. वारणेच्या खोऱ्यातला मांगवाडा, दुष्काळ, हजेरीचा जाच, उपाशी माणसांसाठी लुटलेलं धान्य. हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे. पण शेवट आठवा. सरकार फकिराला पकडू शकत नाही म्हणून त्याच्या माणसांना धरतं. फकिरा डोंगरात राहू शकला असता. तो स्वतः चालत येतो आणि सरकारच्या हाती जातो.

आता आमच्या बैठकीची फूटपट्टी लावा. फकिरा शरण गेला! ही पराभवाची कादंबरी! असं म्हणायची कुणाची हिंमत आहे? पुस्तक मिटलं तरी मांगवाड्यातलं पोरगं छाती काढून चालतं ते कशामुळं? फकिराला कुणी जिंकवलेलं नाही. तरी शेवटचं पाऊल त्याचं आहे. पहिल्या पानापासून तो ज्यांच्या भाकरीसाठी जगला, त्यांच्याचसाठी तो हाती गेला. त्याच्या जागी दुसरं काही केलं असतं तर तो फकिरा राहिला नसता. बखाच्या जागी दुसरं कुणीही त्या सभेत उभं केलं असतं तरी चाललं असतं. दोन शेवटांतला फरक हा एवढा आहे.

कुणी म्हणेल, मग नायकाच्या हातात काहीच नसेल तर? आपल्या वस्तीत अशी माणसं ढिगानं आहेत, निर्णय घ्यायला श्वास उरत नाही अशी. त्यांच्यावर कादंबरी लिहायची नाही का? लिहायची. पण मग हिशेब पुरा मांडायचा. प्रेमचंदांच्या १९३६ सालच्या ‘गोदान’मध्ये होरीला जन्मभर एक गाय पाहिजे असते. शेवटी मजुरी करताना ऊन लागून तो मरतो. लोक म्हणतात गोदान करा. त्याची बायको धनिया सुतळी विकून आलेले वीस आणे आणते, नवऱ्याच्या थंड हातात ठेवते आणि समोरच्या ब्राह्मणाला म्हणते, हेच याचं गोदान. त्या वीस आण्यांत सगळी कादंबरी आहे. सावकार, जमीनदार, बिरादरीचा दंड, आणि मेल्यावरही पुढं आलेला भटाचा हात. होरी जिंकत नाही. पण त्याला कुणी मारलं याची पावती वाचकाच्या हातात पडते. तिथं रडून मोकळं होता येत नाही, कारण रक्कम डोक्यात राहते.

त्याच कादंबरीत दुसरा एक शेवट आहे, तो कुणी काढत नाही. त्याच ब्राह्मणाचा मुलगा मातादीन सिलिया नावाच्या चांभाराच्या पोरीला ठेवतो, राबवून घेतो, पण तिच्या हातचं खात नाही. सिलियाच्या घरची माणसं येतात, त्याला धरतात, त्याचं जानवं तोडतात आणि त्याच्या तोंडात हाडूक घालतात. प्रायश्चित्त घेऊनही तो बाटला तो बाटला. अखेर जानवं टाकून तो सिलियाच्या झोपडीत राहायला येतो. होरीच्या मरणावर पिढ्या रडल्या. हे हाडूक मात्र पांढरपेशा समीक्षेच्या घशाखाली उतरलं नाही, म्हणून तिनं त्याचा उल्लेख टाळला. कोणता शेवट लक्षात ठेवायचा हेही कुणी तरी ठरवतं, दोस्तहो.

आता पुन्हा आमच्या पोराकडं येतो. दहा गावांच्या मोर्च्याला माझा विरोध नाही. मोर्च्यात मी चाललोय, लाठीही खाल्लीय. मोर्चा कादंबरीत यावा, जरूर यावा. पण दोनशे पानांत ज्या दहा गावांचं नाव नव्हतं ती शेवटच्या चार पानांत कुठून आली? चार महिने वस्तीला दळण मिळत नव्हतं तेव्हा ती कुठं होती? पाटील हात जोडतो तो कशाला भिऊन? याचं उत्तर कादंबरीत नाही. ते लेखकाच्या मनात होतं, आणि मनात आमच्या बैठकीनं घातलं होतं. म्हणजे कहाणीतल्या देवाच्या जागी आपण मोर्चा बसवला, बाकी व्रत तेच. सुफळ संपूर्ण. वाचणारा कार्यकर्ता टाळी वाजवून घरी जातो. काम झालं असं त्याला वाटतं. ज्या गावात खरोखर बहिष्कार चालू आहे तिथल्या बाईला मात्र हे पुस्तक वाचून एवढंच कळतं की आपल्याकडं ती दहा गावं आली नाहीत, म्हणजे आपलंच काही चुकलं.

आणि ती म्हातारी बघा. तिला लेकरांसाठी रानात जावं लागलं, हे बहिष्काराचं खरं वजन. तिनं कपबशी पालथी घातली, हे तिचं स्वतःचं. मजुरी घेईन, विटाळ घेणार नाही. कुणी तिला भाषण दिलं नाही, कुणी झेंडा दिला नाही. दिवसभर उन्हात पाती ओढायची आणि घोटभर चहा सोडायचा, याची किंमत ज्यानं खुरपलंय त्याला विचारा. दुसऱ्या दिवशी काय होईल? पाटलीण कामाला नको म्हणेल का? शेजारची बाईही कपबशी पालथी घालेल का? हे प्रश्न घेऊन वाचक उठतो, आणि ते प्रश्न पुस्तकात सुटत नाहीत, गावातच सोडवावे लागतात. ही अस्वस्थता म्हणजे शेवट फसला असं आम्ही समजलो. चूक आमची.

तेव्हा पुढच्या बैठकीत मी उभा राहून हे सांगणार आहे. कादंबरीचा शेवट ऐकून नायक जिंकला का, हे शेवटी विचारा. आधी विचारा की हे शेवटचं पाऊल त्याचं आहे का, आणि मागच्या पानांतून आलंय का. तेवढं जमलं असेल तर मरणसुद्धा चालेल, माघारसुद्धा चालेल, मोर्चासुद्धा चालेल.

त्या पोराला मी निरोप धाडलाय. पहिल्या शेवटाचं पान फाडलं नसशील तर घेऊन ये. फाडलं असशील तर पुन्हा लिही. टाळी वाजवल्याबद्दल मी तुझी माफी मागतो.