एकदांडी : गुणगान आणि गुणपरीक्षा

विरार पूर्वेला फुलपाड्याजवळ पापडखिंड धरण आहे. पाऊस ओसरला की अशा ठिकाणी गवतात आणि पायवाटेच्या कडेला एक तण हमखास फुललेले दिसते. जमिनीलगत पसरलेले खोड, समोरासमोर खरखरीत दातेरी पाने, मधून वर आलेला लांब बिनपानांचा दांडा आणि त्याच्या टोकाला एकच फूल. मध्ये पिवळे, कडेला फिकट पांढऱ्या पाकळ्या. हीच एकदांडी. कोणी तिला दगडी पाला म्हणतात, कोणी कंबरमोडी. शास्त्रीय नाव ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स, कुळ सूर्यफुलाचे. खरचटले की पाला तळहातावर चोळून रस जखमेवर पिळायचा, हे गावातल्या मुलांनाही ठाऊक असते.

इतकी ओळखीची वनस्पती ‘बहुगुणी वनौषधी’ छापाच्या पुस्तिकांत आणि शाळांतील तक्त्यांवर येणारच. ती येते याबद्दल आमची तक्रार नाही. ज्या रीतीने येते, त्याबद्दल आहे. मजकुराचा साचा ठरलेला असतो. आधी ‘प्राचीन काळापासून वापरात’ हे वाक्य, मग यादी : जखमा, रक्तस्राव, केस गळणे, कावीळ, मधुमेह. सगळे सारख्याच ठामपणे सांगितलेले. कोणता भाग, किती, कशावर तपासला, याचा पत्ता नसतो.

प्रथम ‘प्राचीन’ हा शब्द पाहू. एकदांडी मूळची उष्ण कटिबंधातील अमेरिकेची. लिनिअसने १७५३ मध्ये तिला नाव दिले, ते मेक्सिकोतील नमुन्यावरून. म्हणजे आपल्याकडे ती पाहुणी आहे. मग तिच्या नावावर प्राचीन गुण कसे चढले? एक कारण नावांच्या गोंधळात आहे. माका, म्हणजे भृंगराज, हाही याच कुळातला आणि ओलसर जागी उगवणारा. काही ठिकाणी एकदांडीलाही भृंगराज म्हणतात. नाव उसने आले आणि त्यामागून केस वाढवण्याचा गुणही आला. वास्तविक फरक सोपा आहे : माक्याची पांढरी फुले लहान, आखूड देठांची असतात आणि त्याचा पाला चुरडला की रस काळा पडतो.

पाहुणी ठरली म्हणून जखमेवरचा उपयोग खोटा ठरत नाही. उलट, परक्या तणाचा उपयोग लोकांनी अनुभवाने शोधला, ही आम्हाला अधिक मोलाची गोष्ट वाटते. १९८० च्या दशकापासून भारतीय प्रयोगशाळांनी उंदरांवर प्रयोग करून या दाव्याची तपासणीही केली आणि जखम भरण्यास मदत होत असल्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पण हे प्रयोग प्राण्यांवरचे, मोजून दिलेल्या अर्काचे. रस्त्याकडेचा पाला मातीच्या हाताने चोळून मुलाच्या गुडघ्यावर लावणे ही वेगळी गोष्ट आहे. धनुर्वाताच्या जंतूंची बीजाणुके मातीत आणि शेणात असतात. म्हणून जखम आधी साबण आणि स्वच्छ पाण्याने धुवावी, आणि दहाव्या व सोळाव्या वर्षीची टीडी लस चुकवू नये. तक्त्यावर ही दोन वाक्ये नसतात, आणि नेमकी तीच हवीत.

पोटात घेण्याच्या उपायांबाबत तर अधिक सावध राहावे. २०२० मध्ये गुळवेल घेतलेल्या मुंबईतील सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. रुग्णांनी घेतलेल्या वनस्पतीची तपासणी झालेली नाही, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला. दोन्ही बाजूंनी एकच धडा मिळतो : वनस्पती कोणती आणि मात्रा किती, हे कळल्याशिवाय ‘गुणकारी’ या शब्दाला अर्थ नाही. कावीळ किंवा मधुमेह झालेल्या मुलाच्या घरी ‘पाल्याचा रस द्या’ एवढेच पोहोचले, तर डॉक्टरकडे जाण्यास होणारा उशीर हीच मोठी इजा.

शिक्षकांना आमचे सुचवणे असे आहे. तक्ता फाडू नका. त्यावर आणखी चार रकाने आखा : ओळखीची खूण, मूळ स्थान, कोणी कशावर तपासले, धोका. एकदांडी आणि माका शेजारी ठेवून मुलांना फरक शोधू द्या. घरच्या आजीला विचारून तिचा अनुभव लिहून आणू द्या. जेथे रकाना रिकामा राहील तेथे तो रिकामाच ठेवा. त्या रिकाम्या जागेतून मुलांना जेवढे विज्ञान कळेल, तेवढे गुणांच्या भरगच्च यादीतून कळणार नाही.