महाविद्यालयीन ग्रंथालयातील संघटनात्मक अध्ययन : एक टीकात्मक विचार

प्रस्तावना :
'ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे' हे डॉ. एस. आर. रंगनाथन यांचे १९३१ मधील पाचवे सूत्र सर्वपरिचित आहे. परंतु व्यवहारात वाढ म्हणजे ग्रंथसंख्येतील वाढ, असा त्याचा संकुचित अर्थ रूढ झाला. ग्रंथालय स्वतःच्या अनुभवातून शिकते काय, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विवेचन :
ख्रिस अर्गिरिस व डोनाल्ड शॉन यांनी १९७८ मध्ये संघटनात्मक अध्ययनाचे दोन स्तर मांडले. पहिल्या स्तरावर नियम कायम ठेवून चूक दुरुस्त केली जाते. दुसऱ्या स्तरावर मूळ नियमाचाच फेरविचार होतो. पीटर सेंगे यांच्या १९९० मधील ग्रंथाने ही विचारधारा लोकप्रिय केली. मात्र तिचा प्रसार प्रामुख्याने उद्योगक्षेत्रात झाला. ग्राहक दुरावल्यास उद्योगास तोटा दिसतो. वाचक का दुरावला, हे मात्र ग्रंथालयाच्या कोणत्याही नोंदवहीत उमटत नाही. ही मर्यादा लक्षात न घेता संकल्पना जशीच्या तशी स्वीकारणे योग्य ठरणार नाही.

इन्फ्लिबनेटच्या 'सोल' यांसारख्या संगणकप्रणालींमुळे देवघेव सुलभ झाली. 'नॅक'च्या मूल्यमापनामुळे ग्रंथालयीन नोंदींना शिस्त आली. परंतु हे अध्ययन बहुधा पहिल्या स्तरावरचेच आहे. दिलेल्या ग्रंथाची नोंद होते. मागितलेल्या, पण न मिळालेल्या ग्रंथाची होत नाही.

भिवंडीसारख्या यंत्रमागाच्या शहरात याचे गांभीर्य अधिक जाणवते. येथे मराठी, उर्दू, हिंदी व तेलुगू भाषक कुटुंबे एकत्र नांदतात. अशा शहरात ग्रंथखरेदी केवळ विभागांच्या याद्यांवर विसंबून राहिली, तर विद्यार्थ्याची खरी गरज यादीबाहेरच राहते. ती प्रथम कळते देवघेव खिडकीवरील परिचरास. त्याचे अनुभवजन्य ज्ञान ग्रंथालय समितीपर्यंत क्वचितच पोहोचते आणि त्याच्या निवृत्तीबरोबर ते संस्थेस कायमचे पारखे होते.

निष्कर्ष :
अपूर्ण मागण्यांची नोंदवही ठेवून ती प्रत्येक सत्रात समितीपुढे ठेवावी व परिचरासही बैठकीस बोलवावे. या उपायास खर्च नगण्य आहे; मात्र आपल्या याद्या चुकू शकतात, हे मान्य करण्याची अध्यापकांची तयारी हवी. ती नसेल, तर ग्रंथसंख्या वाढेल. ग्रंथालय वर्धिष्णू होणार नाही.