वनवाङ्मय आणि अंतराचा प्रश्न

मराठी माणसाच्या पायी चालण्याला दोन थोर परंपरा आहेत; एक वारीची, दुसरी गडकोटांची. या दोन्हींत चालणारा सहसा एकटा नसतो आणि मुका तर कधीच नसतो. टाळमृदंगाचा गजर किंवा शिवरायांचा जयघोष हा त्या चालण्याचा प्राणच होय. आमच्या प्रवासवर्णनांची शैलीही पुष्कळशी याच वाटांवर घडली. गो. नी. दांडेकरांच्या दुर्गभ्रमणाच्या लेखनातील उमाळा तेथे शोभून दिसतो, कारण गडाला कितीही साद घातली तरी तो पळून जात नाही. परंतु हीच वृत्ती घेऊन लेखक अभयारण्यात शिरला, की गोष्ट बदलते. तेथे चालणाऱ्याचा आवाज, त्याचा वास, त्याची घाई हे सारे समोरच्या जिवावर जाऊन आदळते. म्हणून वनवाङ्मय वाचताना एक कसोटी आम्हांस अलीकडे अधिकाधिक महत्त्वाची वाटू लागली आहे. लेखक प्राण्यापासून किती अंतरावर उभा आहे? हे अंतर पावलांचे, तसेच वाक्यांचेही.

व्यंकटेश माडगूळकर प्रथम बंदूक घेऊन रानात हिंडले. पुढे ती खाली ठेवून वही आणि पेन्सिल घेऊन हिंडले. १९७० साली अभयारण्य झालेल्या नागझिऱ्यावरील त्यांचे पुस्तक या दुसऱ्या हिंडण्यातून आले आहे. वाघाच्या दर्शनावर ते उभे नाही. लेखक दबकत चालतो, थांबतो, दिसले तेवढे टिपतो. शिकाऱ्याची चाहूल घेण्याची सवय कायम आहे, मात्र तिचे प्रयोजन पालटले आहे. आमच्या मते या गद्याचा संयम हा निव्वळ शैलीचा गुण नव्हे. ज्याला चितळ बुजू द्यायचे नाही, त्याला विशेषणेही जपूनच वापरावी लागतात.

‘सत्तांतर’ या १९८२ च्या लघुकादंबरीत ते याहून पुढे गेले. तेथे माणूस जवळजवळ वगळलाच आहे. आहेत त्या वानरांच्या टोळ्या, त्यांचे नर, माद्या आणि पिले. १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार या कृतीस मिळाला हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु वर्गात ती कशी शिकविली जाते? शीर्षक पाहताच आपण शिक्षक मंडळी राजकारणाचे रूपक उलगडावयास बसतो. अमुक नर म्हणजे तमुक पुढारी! आम्हीही हे वर्षानुवर्षे केले आहे. वानराला माणसाचा मुखवटा ठरविणे म्हणजे अभयारण्यात जाऊनही आरशातच पाहणे होय. नवा नर टोळीचा ताबा घेतो आणि आधीची पिले मारतो, ही कुणा कादंबरीकाराची क्रूर कल्पना नव्हे. आमच्या बेळगावपासून दूर नसलेल्या धारवाडच्या रानांत १९६० नंतरच्या काही वर्षांत जपानी संशोधक युकिमारू सुगियामा यांनी हे वर्तन नोंदविले होते. त्या अभ्यासात एका टोळीतील मुख्य नर मुद्दाम दूर करून पुढे काय होते तेही पाहण्यात आले. शेजारचा नर आला आणि पिलांवर हल्ले झाले. ज्ञान मिळाले, यात शंका नाही. पण त्याची किंमत पिलांनी दिली. कादंबरीकाराने तेच सत्य कुणाला न हलविता मांडले, हे त्या कृतीच्या थोरवीचे एक अंग आम्हांस वाटते, आणि त्याची दखल घेतलेली आमच्या वाचनात फारशी आली नाही.

मारुती चितमपल्ली यांची वाट वेगळी. २०२५ साली ते निवर्तले. वनखात्याच्या नोकरीत उभे आयुष्य रानात काढलेल्या या लेखकाने आदिवासींकडून, पारध्यांकडून शब्द वेचले आणि मराठीला दिले. ज्या पाखराला नाव आहे त्याला दगड मारताना हात किंचित अडखळतो, हा आमचा शाळेतील अनुभव आहे. मात्र त्यांच्या काही लेखनात पाहिलेले आणि ऐकलेले यांमधली रेषा पुसट होते, हेही सांगितले पाहिजे. रानाविषयीच्या दंतकथा मोहक असतात. पण घुबडासारख्या पाखराचे बळी अशाच समजुतींपायी जातात. तेव्हा हे लेखन शिकविताना शिक्षकाने तेवढी रेषा स्वतः ओढावी.

आता जिम कॉर्बेट. मराठी वाचकाने त्याला अनुवादांतून घरचाच मानला आहे. चंपावतच्या वाघिणीने ४३६ माणसे मारली, हा आकडा आमच्या मुलांना तोंडपाठ असतो. १९०७ साली ती मारली गेल्यावर तिच्या जबड्यात काय दिसले हे मात्र क्वचितच कुणाला आठवते. जुन्या गोळीने उजवीकडचे वरचे व खालचे सुळे तुटले होते. म्हणजे त्या नरभक्षकाच्या मुळाशी कुणा अज्ञात माणसाचा चुकलेला नेम होता. कॉर्बेटच्या लेखनाचा मोठा भाग माग काढण्याचा, एकट्याने तासन्‌तास चालण्याचा आहे, आणि पुढे तो स्वतः कॅमेऱ्याकडे वळला. पाठ निवडताना आपण नेमका शेवटचा बार तेवढा उचलतो! मग २०२४ च्या अखेरीस उमरेड-कऱ्हांडल्यात वाघीण आणि तिचे पाच बछडे पर्यटकांच्या गाड्यांनी दोन्हीकडून अडविले गेले, तेव्हा त्या गाड्यांतील सुशिक्षितांनी काय वाचले असेल, असा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला त्याची स्वतःहून दखल घ्यावी लागली.

दुसऱ्यांकडे बोट दाखविण्याचा अधिकार आम्हांस आहे असे मात्र नाही. २०१४ च्या हिवाळ्यात आम्ही नववीची मुले घेऊन घाटातील एका रानवाटेवर गेलो होतो. आदल्या आठवड्यात वर्गात शिकारकथा रंगवून वाचल्या होत्या. सोबतच्या वनरक्षकाने हात वर करून थांबविले. पुढे गव्यांचा कळप वाट ओलांडीत होता. मुलांना नीट दिसावे म्हणून आम्हीच त्यांना चार पावले पुढे घेतले. कळप उधळला आणि एक वासरू वाटेच्या अलीकडे, आमच्या बाजूस राहिले. वनरक्षक आम्हांस काही बोलला नाही. त्याने सर्वांना मागे नेऊन झाडांआड पाठ करून बसविले आणि ओठांवर बोट ठेवले. पलीकडून गाय दोनदा फुत्कारली. पुष्कळ वेळाने पाचोळा वाजला, मग थोडे दगड घरंगळले, मग काही नाही. वासरू गेले. आम्हांपैकी कुणीही ते जाताना पाहिले नाही.

परत आल्यावर ‘रानातील एक प्रसंग’ हा निबंध लिहावयास दिला. एका मुलाने लाल डोळ्यांचा, शिंगे रोखून धावून आलेला गवा रंगविला. त्यास आम्ही दहांपैकी आठ गुण दिले. एका मुलीने केवळ ऐकलेले लिहिले होते. फुत्कार, पाचोळा, दगड, आणि शेजारच्या मैत्रिणीचा धरलेला श्वास. तिच्या वहीत आम्ही तांबड्या शाईने ‘प्राण्याचे वर्णन नाही’ असा शेरा मारला आणि चार गुण दिले.

यंदा नववीसाठी पूरक वाचनाचे उतारे काढताना ती वही फार आठवली. ती आमच्यापाशी नाही. त्या वेळच्या रीतीप्रमाणे वर्षअखेर मुलीला परत दिली होती.