कुस्करलेले पत्र

तीस सेकंदांची एक जाहिरात आहे. मी ती फार उशिरा पाहिली आणि तेव्हापासून विद्यार्थ्यांना दाखवत आलो आहे. पडद्यावर एका गोऱ्या माणसाचे हात दिसतात. चौकड्यांच्या शर्टाच्या बाह्या, हातात एक पत्र. चेहरा शेवटपर्यंत दिसत नाही. निवेदक सांगतो की, ही नोकरी तुम्हाला हवी होती, सर्वांत लायकही तुम्हीच होतात. पण वांशिक कोट्यामुळे त्यांना ती एका अल्पसंख्याकाला द्यावी लागली. हा काय न्याय झाला? हात ते पत्र कुस्करतात. मग दोन नावे येतात : कोट्याच्या बाजूने हार्वे गँट, विरोधात जेसी हेल्म्स. मतदान येत्या मंगळवारी.

१९९० च्या नोव्हेंबरात अमेरिकन काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, सिनेट या वरिष्ठ सभागृहासाठी नॉर्थ कॅरोलिना राज्यात निवडणूक झाली. तिच्यातली ही जाहिरात. नकारात्मक प्रचाराचा यशस्वी नमुना म्हणून ती आजही सांगितली जाते. साहित्याच्या नियतकालिकात जाहिरातीचे काय काम, असे कोणी विचारील. पण एका समाजाची सारी बाजू तीस सेकंदांत निकालात काढणारी संहिता आपण तपासायची नाही, तर कोणी तपासायची?

आधी माणसे पाहू. हार्वे गँट हे कृष्णवर्णीय वास्तुरचनाकार. साउथ कॅरोलिनातल्या क्लेम्सन महाविद्यालयात शिकण्याइतकी गुणवत्ता त्यांच्यापाशी होती, पण ते महाविद्यालय फक्त गोऱ्यांचे होते. न्यायालयात झगडून १९६३ च्या जानेवारीत ते तिथले पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी झाले. पुढे एमआयटीतून नगररचनेची पदवी घेतली आणि १९८३ मध्ये शार्लट शहराचे महापौर म्हणून निवडून आले. समोर जेसी हेल्म्स, १९७३ पासून सिनेटर. १९८३ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जन्मदिनाच्या राष्ट्रीय सुट्टीला सिनेटमध्ये अडवून धरणारे ते हेच. आता या दोघांपैकी कोणाची लायकी रंगामुळे दाराबाहेर उभी केली गेली होती? जाहिरात नेमके उलटे सांगते आणि ते खपते. लबाडीपेक्षा मला हे खपणे अधिक महत्त्वाचे वाटते.

ते का खपते? संहितेतला कर्ता पाहा. 'तुम्ही' लायक, 'तुम्ही' गरजू, आणि 'त्यांना' द्यावी लागली. हे 'ते' कोण, हे सांगितलेले नाही. ज्याला नोकरी मिळाली त्याला तर नाव नाही, चेहरा नाही, पोट नाही, पदवीही नाही. आहे ती फक्त जात. अमेरिकेत तिला वंश म्हणायचे. चेहरा नसलेले हात कोणत्याही गोऱ्या बेकाराला आपले वाटावेत, अशी सोय केलेली आहे. कारखाना बंद का पडला, मजुरी कोणी पाडली, हे प्रश्न त्या हातांना पडू नयेत म्हणून समोर एक अदृश्य काळा माणूस बसवला आहे. जाहिरात बनवणारे अॅलेक्स कॅस्टेलानोस हे लहानपणी क्युबातून आलेले निर्वासित. बाहेरून येऊन आत शिरलेल्या माणसाला आतल्यांची भीती किती अचूक कळते!

१९९० हे साल आपल्यापैकी कोणाला परके नाही. त्याच वर्षी ७ ऑगस्टला विश्वनाथ प्रताप सिंहांनी मंडल आयोगाच्या शिफारशी लागू करण्याची घोषणा केली आणि रस्तोरस्ती 'गुणवत्ते'चा गजर सुरू झाला. मी तेव्हा राखीव जागेवर नुकताच अधिव्याख्याता झालो होतो. प्राध्यापकांच्या खोलीत चहा घेताना एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "तुमचं काय, तुमची सोय झाली. आमच्या पोरानं कुठं जायचं?" वास्तविक मंडल इतर मागासवर्गीयांसाठी होते, पण बोलणी आम्हाला. त्यांच्या पोराला कोणत्या जागेवरून कोणी उठवले, हे मी विचारले नाही. कप विसळून वर्गावर गेलो. पुढे ही जाहिरात पाहिली तेव्हा ते पत्र मला ओळखीचे वाटले.

आता कोट्याचे. त्या वर्षी काँग्रेसने मंजूर केलेल्या नागरी हक्क विधेयकाचा विषय नोकरीतला भेदभाव न्यायालयात सिद्ध करणे सोपे व्हावे, हा होता. त्यातून कोटे ठरवावे लागतील असा अर्थ लावू नये, असे विधेयकातच लिहिलेले होते. तरीही राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश (थोरले) यांनी २२ ऑक्टोबरला 'कोटा' म्हणूनच ते नाकारले. दोनच दिवसांनी तो नकार उलटवण्यासाठी सिनेटमध्ये ६६ विरुद्ध ३४ मते पडली. एक मत कमी पडले. त्यानंतर पंधरा दिवसांच्या आत मतदान होते. शब्द राष्ट्राध्यक्षांनी दिला होता, हेल्म्सनी फक्त हात दाखवले. पुढल्याच वर्षी त्याच बुश यांनी तशाच एका कायद्यावर सही केली, तेव्हा कोट्याची ओरड कुठे गेली कोण जाणे.

हे एकदम उगवलेले नाही. याच राज्यात १९५० मध्ये सिनेटच्या उमेदवारीसाठी उदारमतवादी फ्रँक ग्रॅहम पहिल्या फेरीत पुढे होते. दुसऱ्या फेरीत गोऱ्यांनो जागे व्हा, काळे तुमच्या शेजारी कामाला बसतील, अशी पत्रके वाटली गेली आणि ते पडले. जिंकलेले विलिस स्मिथ पुढे ज्याला साहाय्यक म्हणून वॉशिंग्टनला घेऊन गेले, तो नभोवाणीवरचा तरुण वार्ताहर म्हणजे जेसी हेल्म्स. रिपब्लिकन पक्षाचे प्रचारतज्ज्ञ ली अॅटवॉटर यांनी १९८१ मध्ये एका मुलाखतीत हे तंत्र उघड करून सांगितले : पूर्वी शिवी सरळ देता येई, नंतर ती अंगाशी येऊ लागली, म्हणून मग करकपात आणि राज्यांचे हक्क असले अमूर्त विषय बोलायचे. १९५० मधले 'शेजारी काळा बसेल' हे १९९० मध्ये 'लायकाला डावलले' असे झाले. पत्रक वाटणाऱ्याला निदान लाज वाटण्याची शक्यता होती. जाहिरात पाहणारा मात्र स्वतःला अन्यायग्रस्त समजून मतदानाला जातो.

आपल्याकडच्या सभ्य मंडळींप्रमाणे 'नकारात्मक प्रचार वाईट' एवढेच म्हणून मी थांबणार नाही. सत्ताधाऱ्यावर हल्ला करणे हा तर आपला धंदाच आहे. गँट यांनीही हल्ले केले : हेल्म्सनी शिक्षणाविरुद्ध, पर्यावरणाविरुद्ध कशी मते दिली, ते त्यांच्या जाहिराती सांगत होत्या. त्याला उत्तर देता येते, कारण मत माणूस स्वतः देतो. जन्माला कोण काय उत्तर देणार? दोन्हींना एकाच 'चिखलफेकी'त टाकणे ही तटस्थता नव्हे.

मात्र गँट यांच्यावर माझा एक आक्षेप आहे. वंशाचा विषय आपणहून काढायचा नाही, असे त्यांचे एकूण धोरण होते. गोऱ्यांची मते लागत होती. अडचण मला कळते. जाहिरात आल्यावर आपण कोट्याच्या बाजूचे नाही, असे त्यांनी सांगितले. म्हणजे हेल्म्सच्या प्रश्नाला हेल्म्सच्याच शब्दांत उत्तर. क्लेम्सनच्या दारातला तो १९६३ चा तरुण पडद्यावर ठळकपणे का आणला नाही? टाली मेंडेलबर्ग यांनी २००१ च्या आपल्या ग्रंथात दाखवले आहे की, असा छुपा संदेश छुपा असेतोच चालतो. हा वंशद्वेष आहे असे कोणी मोठ्याने म्हटले की त्याचा जोर ओसरतो. निवडणुकीच्या धामधुमीत हे सुचणे अवघड, हे मान्य. मलाही चहाच्या कपापाशी सुचले नव्हते.

६ नोव्हेंबरला हेल्म्स सुमारे ५३ टक्के मते घेऊन निवडून आले. अंतर एक लाखाहून थोडे अधिक. एका जाहिरातीने निवडणूक फिरली असे मी म्हणणार नाही, कारण जमीन चाळीस वर्षे नांगरलेली होती. शिवाय जाहिरात हा त्या मोहिमेचा अर्धाच भाग होता. ती गोऱ्यांसाठी, काळ्यांसाठी पोस्टकार्डे होती. मतदानाच्या तोंडावर सुमारे सव्वा लाख कार्डे, बहुतांशी कृष्णवर्णीय मतदारांच्या घरी. नुकतेच घर बदलले असेल तर मत देता येणार नाही, खोटी माहिती दिलीत तर तुरुंग, असा मजकूर. केंद्राच्या न्यायखात्याने राज्यातला रिपब्लिकन पक्ष आणि हेल्म्सची प्रचारसमिती यांच्यावर खटला भरला. १९९२ मध्ये दोष मान्य न करता तडजोडीचा हुकूमनामा झाला आणि अशी कार्डे पुन्हा पाठवणार नाही, असे त्यांनी कबूल केले. तोवर हेल्म्स यांच्या चौथ्या मुदतीचे दुसरे वर्ष सुरू झाले होते.