उसनी प्रत आणि मूळ झरा

समजा, एका शाळेने पाठ्यपुस्तकातल्या धड्याच्या झेरॉक्स प्रती काढून मुलांना वाटल्या. पुढे मंडळाने त्या धड्यातली चूक सुधारली. नवी पुस्तके दुरुस्त झाली, झेरॉक्स प्रती मात्र तशाच राहिल्या. संगणकाच्या प्रोग्रॅमांत हा प्रकार सर्रास चालतो. त्यावर आम्हांला टीका करायची आहे आणि त्या टीकेतून आम्हीही सुटत नाही.

प्रोग्रॅम लिहिणारा प्रत्येक गोष्ट स्वतः लिहीत नाही. नेहमीच्या कामांसाठी इतरांनी लिहिलेले तयार संच असतात, त्यांना लायब्ररी म्हणतात. ज्याँ-लू गेली आणि मार्क अ‍ॅडलर यांची 'झेडलिब' ही माहिती दाबून लहान करणारी लायब्ररी 1995 पासून वापरात आहे. ती वापरण्याचे दोन मार्ग आहेत : संगणकावरची सामाईक प्रत वापरायची, किंवा आपल्या प्रोग्रॅमच्या पोटात तिची खाजगी प्रत ठेवायची.

मार्च 2002 मध्ये झेडलिबमधली एक चूक जाहीर झाली. एकदा मोकळी केलेली स्मृतीतली जागा ती काही वेळा पुन्हा मोकळी करू पाहत असे. मुद्दाम बिघडवलेली माहिती देऊन प्रोग्रॅम त्यामुळे कोलमडवता येई. 1.1.4 या आवृत्तीत ही चूक दुरुस्त झाली. सामाईक प्रत वापरणारे प्रोग्रॅम ती एक प्रत बदलताच सुधारले. पोटात प्रत बाळगणारा प्रत्येक प्रोग्रॅम मात्र शोधून वेगळा दुरुस्त करावा लागला.

आमच्या प्रयोगशाळेतल्या प्रतिमा साठवण्याच्या प्रोग्रॅममध्येही अशीच जुनी प्रत होती. तिच्यात आम्हीच काही ओळी बदलल्या होत्या आणि त्याची नोंद ठेवली नव्हती! मूळ आवृत्तीकडे वळताना आधी दोन्ही प्रती ओळीला ओळ लावून पाहाव्या लागल्या. मग चाचणी घेतली, तर दाबलेल्या फाइली जुन्यांशी जुळेनात. आम्ही घाबरलो, पण चूक चाचणीत होती. निरनिराळ्या आवृत्त्या तीच माहिती वेगळ्या रीतीने दाबू शकतात. फाइल उलगडल्यावर मूळ माहिती जशीच्या तशी मिळते का, एवढेच तपासायला हवे होते. ती मिळाली.

खाजगी प्रतीच्या बाजूने एक मुद्दा खरा आहे : तिच्यात आपल्या नकळत बदल होत नाही. मार्च 2024 मध्ये 'एक्सझेड' या अशाच एका संचाच्या 5.6.0 आणि 5.6.1 या मूळ आवृत्त्यांतच चोरवाट पेरलेली आढळली. म्हणजे मूळ झऱ्याचे पाणीही डोळे मिटून पिऊ नये. पण यावरून डबक्यातले पाणी चांगले ठरत नाही. एक्सझेडमधली चोरवाट उघडकीस आली, कारण लॉग-इनला लागणारा जास्तीचा अर्धा सेकंद आंद्रेस फ्रॉइंड यांच्या नजरेत भरला आणि त्यांनी त्याचे कारण शोधले. विस्मरणात गेलेल्या प्रतीकडे असे कोण पाहणार?

तेव्हा उसने घ्यावे, पण कोठून घेतले, केव्हा घेतले आणि त्यात काय बदलले, हे लिहून ठेवावे. प्रयोगवहीची ही शिस्त आपण मुलांना शिकवतो. ती संगणकापाशी का विसरावी?